जेकब बॅलस बालोद्यान: जाण्यापूर्वी

सिंगापूर बोटॅनिक गार्डन्समधल्या या बालोद्यानात मोठ्यांना एकट्याने प्रवेश नाही, सोबत मूल हवंच. तिकीट नाही. सोमवारी बंद, सार्वजनिक सुट्टी असेल तर उघडं. बोटॅनिक गार्डन्स एमआरटी (मेट्रो) स्टेशनवर उतरा. बरेच जण टांगलिन दाराकडून आत शिरतात आणि फसतात, कारण बालोद्यान पार दुसऱ्या टोकाला आहे. खेळायला पोहोचेपर्यंत पोर दमून कडेवर येतं.

२००७ साली सुरू झालेली ही बाग २०१७ मध्ये दुप्पट, म्हणजे सुमारे ४ हेक्टर झाली. जुन्या भागात पाण्याचे फवारे आणि वाळू, तो लहानग्यांचा. झुलता पूल, झाडावरचं घर आणि नव्या भागातला दोराला लटकून घसरत जायचा खेळ हे जरा मोठ्या मुलांसाठी. आधी चढण्याचे खेळ उरकून घ्या, पाणी शेवटी. उलटं केलंत तर ओल्या चपला फळीवर सटकतात आणि भिजलेल्या अंगाला वाळू चिकटते. कोरडे कपडे, पंचा, डासांचं मलम, पाण्याची बाटली सोबत ठेवा. सकाळी आठलाच पोहोचलेलं उत्तम. दुपारी ऊन भाजतं, पाठोपाठ विजांचा पाऊसही येतो. ढग गडगडले की झाडाखाली थांबू नका, पक्क्या छपराखाली जा.