पस्तीस सेंटिमीटर

ऐन मे महिन्यात पंखा बंद, खिडक्या बंद आणि मास्क लावून बायको माझ्यासमोर बसायची. "अहो, आता बोलू नका." छातीतून बाहेर आलेल्या लाइनचं, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीचं, टोक ती स्पिरिटच्या बोळ्याने घासायची, तेवढा वेळ घरात कुणी शिंकायचंही नाही. लाइनला जंतू लागले की हुडहुडी, ताप आणि थेट आयसीयू, दोनदा झालं. त्याआधी ओट्यावर टीपीएनची, म्हणजे थेट शिरेतून द्यायच्या अन्नाची, पिशवी. साखर, प्रथिनं, चरबी असे तीन कप्पे. एका बाजूने गुंडाळत दाबत आणलं की मधल्या शिवणी सुटतात आणि सगळं मिसळून दुधासारखं पांढरं होतं. रात्री आठ ते सकाळी आठ, हेच माझं जेवण.

2021 मध्ये आतड्याच्या मुख्य धमनीत गुठळी अडकली. काळं पडलेलं आतडं काढलं, सहाएक मीटरपैकी 35 सेंटिमीटर उरलं. पुढे बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, चढायला लागलं. टीपीएन जगवतं, पण लिव्हर खातं. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलो तर आतड्याबरोबर लिव्हरही बदलावं लागेल.

मग आतडं बदलण्यासाठीच्या तपासण्या. दातसुद्धा बघितले, मला हसूच आलं. मानेच्या शिरा अजून मोकळ्या आहेत का, हेही. वारंवार लाइन घालून त्या बुजतात. हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राकडे, नाव लागलं. काढलेलं आतडं जेमतेम सहा-आठ तास टिकतं, म्हणून दाता फार लांबचा चालत नाही. शिवाय माझं पोट आतून आक्रसलेलं, तेव्हा रक्तगट जुळून दाता माझ्यापेक्षा लहान चणीचा हवा. मी स्वतःच 47 किलोंचा!

पहिला फोन रात्री दीडला. धायरीहून निघालो, ॲडमिट झालो, पोटावरचे केस काढले. पाचला कोऑर्डिनेटर ताई आल्या. "काका, आज नाही." दात्याचं आतडं प्रत्यक्ष पाहिल्यावर ते घेण्याजोगं निघालं नव्हतं. परतताना सिंहगड रोडवर बायकोने पोहे घेतले आणि माझ्याकडे पाठ करून खाल्ले.

दुसरा फोन चार महिन्यांनी. ऑपरेशनचं मला काय आठवणार! शुद्धीवर आलो तेव्हा आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढलेलं, म्हणजे स्टोमा, आणि त्यावर पिशवी होती. शरीर नवं आतडं नाकारतंय का, हे कळायला सुरुवातीला आठवड्यातून दोनदा त्या तोंडातूनच दुर्बीण घालून तुकडा काढायचे. शरीराने आतडं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून. रक्तातली तिची लेव्हल तपासायच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. एकदा सवयीने गोळी घेऊन गेलो, तर लॅबच्या मुलाने परत पाठवलं.

पपनस कायमचं बंद, त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढते. गणपतीत सासूबाई हौसेने घेऊन आल्या, बाकीच्यांनी खाल्लं. मी उकडीचा मोदक घेतला. दुसऱ्याला हात घातला तर बायकोने ताटच ओढलं. "अहो, एकच सांगितलाय."