गॅस काढला म्हणून खताचा दम जात नाही

दिंडोरी तालुक्यात आमचा मळा आहे. ३०० अंडीवाल्या कोंबड्या, तीन गाई, द्राक्षबाग आणि ४ घनमीटरचा बायोगॅस, म्हणजे शेण-विष्ठा बंद टाकीत कुजवून चुलीसाठी गॅस काढायची सोय. तो बांधायला काढला तेव्हा आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "गॅस जाळून टाकल्यावर खतात काय राह्यलं गं? नुसता चोथा!"

तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, आज येतं. चुलीत जळतो तो मिथेन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. नत्र, म्हणजे नायट्रोजन, गॅसबरोबर चुलीत जळत नाही, ते स्लरीतच, म्हणजे टाकीतून बाहेर येणाऱ्या पातळ खतातच राहतं, तेही बरंचसं अमोनियाच्या रूपात, म्हणजे मुळांना लवकर मिळेल असं. स्फुरद, पालाशही तिथंच. उलट पूर्वी आम्ही शेडबाहेर विष्ठेचा ढीग घालायचो, तेव्हा डोळे चुरचुरायचे. तो वास म्हणजे आमचं नत्रच हवेत चाललेलं असायचं. वर माश्या, आणि शेजारच्या वस्तीवरून रोज तक्रार. त्यांचं काही चुकत नव्हतं.

सुरुवात मात्र माझी चुकली. शेणाचा पहिला भराव झाल्यावर मी रोज नुसती कोंबड्यांची विष्ठाच घालत गेले. महिन्याभरात शेगडी पेटेना. कोंबडीच्या विष्ठेत युरिक आम्ल भरपूर, त्याचा अमोनिया होतो आणि तो फार साचला की मिथेन करणारे जिवाणूच गुदमरतात. शेणात नत्राच्या साधारण २५ पट कार्बन असतो, विष्ठेत १० पटही भरत नाही. तीन आठवडे विष्ठा बंद ठेवली, फक्त शेण आणि पाणी घातलं. मग एका सकाळी निळी ज्योत लागली आणि मी चहा ठेवून आबांना हाक मारली.

आता रोज ३० किलो विष्ठा, ४० किलो शेण आणि ११० लिटरच्या आसपास पाणी. शेणाला शेणाइतकं पाणी पुरतं, विष्ठेला दुपटीहून जास्त लागतं. अंडीवाल्या कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्याचा चुरा असतो, तो विष्ठेतून उतरतो आणि टाकीच्या तळाशी बसतो. म्हणून शेण, विष्ठा आणि पाण्याचा काला ढवळून थोडा वेळ थांबते, वरचं आत सोडते आणि तळाची कच बाहेर काढते. हे आळसानं टाळलं तर काही वर्षांनी टाकी कचीनंच भरेल, आणि त्या टाकीत उतरणं म्हणजे विषारी वायूत जिवाशी खेळ.

डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी होतो. जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवसांत उन्हात तापलेल्या ड्रममधलं पाणी घेते आणि काला सकाळऐवजी दुपारी कालवते.

स्लरी मी वाळवत नाही. वाळवली की अमोनिया उडालाच. एप्रिलमध्ये द्राक्षवेलींची खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या छाटून टाकणं, झाल्यावर फुटवे निघाले की पाण्यात पातळ करून संध्याकाळी बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, ड्रिपरच्या ओलीत सोडते आणि वर माती ओढते. पहिल्या महिन्यानंतर थांबते, कारण काडीत घड तयार होण्याच्या काळात नत्र जास्त झालं तर वेल नुसताच माजतो. ड्रिपमधून सोडायचा प्रयत्न एकदा केला होता, सगळे ड्रिपर तुंबले.

मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात मात्र स्लरी घालत नाही. टाकीत रोगजंतू कमी होतात, पण सगळे मरत नाहीत, आणि ती भाजी माझी लेकरं कच्ची खातात.