गाड्यांसाठी स्पेक्ट्रम मागताना: माझा अनुभव

शहरी रेल्वे आणि बससेवा चालवणाऱ्या एका संस्थेच्या दूरसंचार विभागात मी काम करतो. जुनी रेडिओ यंत्रणा काढून संभाषण आणि गाड्यांचे नियंत्रण या दोन्हींसाठी नवी यंत्रणा उभारायचे ठरले, तेव्हा स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सींच्या ठरावीक पट्ट्याचा, अर्ज तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. निविदा, मनोरे आणि केबल यांचे वेळापत्रक तोवर पक्के झाले होते. फ्रिक्वेन्सी मिळायला लागणारा वेळ मात्र त्यात कुठेच धरलेला नव्हता. माझ्या मते बहुतेक प्रकल्पांत तो धरला जातच नाही.

स्पेक्ट्रम देणाऱ्या नियामकाकडच्या पहिल्याच बैठकीत तिथल्या अभियंत्यांनी विचारले, "तुमच्या एका गाडीला सेकंदाला किती माहिती पाठवावी लागते?" खरे उत्तर आमच्याच मागणीला अडचणीचे होते, कारण ते फार लहान होते. सीबीटीसी यंत्रणेत (रेडिओ संपर्कावर चालणाऱ्या गाडी-नियंत्रणात) गाडी आपले स्थान आणि वेग कळवत राहते आणि तिला कुठपर्यंत पुढे जाण्याची मुभा आहे, हे मार्गालगतच्या यंत्रणेकडून तिला कळत राहते. एवढा मजकूर एखाद्या छायाचित्रापुढेही किरकोळच. मग विनापरवाना बँड (परवान्याशिवाय कोणालाही वापरता येणारा फ्रिक्वेन्सी पट्टा) किंवा मोबाइल कंपनीचे जाळे का चालणार नाही, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. त्यावर आम्ही वेळेचा मुद्दा मांडला. संदेश काही सेकंद पोहोचला नाही, तर यंत्रणा धोका न पत्करता ब्रेक लावते. एक गाडी थांबली की मागच्या गाड्याही खोळंबतात, आणि ज्या गर्दीच्या वेळी हे सर्वांत महागात पडते, त्याच वेळी हवेतला रेडिओ लहरींचा गोंगाटही सर्वाधिक असतो.

याचे ठळक उदाहरण म्हणून आम्ही चीनमधील शेंझेन मेट्रोचा दाखला जोडला. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथे गाड्या मध्येच थांबू लागल्या, कारण नियंत्रण यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झच्या खुल्या बँडवर होती आणि प्रवाशांजवळची खिशात मावणारी वाय-फाय उपकरणेही त्याच बँडवर चालत होती. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे वाय-फाय चॅनेल जेमतेम तीन मिळतात. पुढे २०१५ मध्ये चीनने १७८५ ते १८०५ मेगाहर्ट्झ हा पट्टा शहरी रेल्वेसारख्या वापरासाठी खुला केला. प्रवाशांना वाय-फाय बंद ठेवण्याची विनंती करणे हा त्यावरचा उपाय होऊच शकत नाही, हे वाक्य आमच्या मसुद्यात मी आग्रहाने ठेवले.

संभाषणाची गरज मोजणे तुलनेने सोपे होते, पण कोणता दिवस धरून मोजायचे यावर आमच्यातच बराच वाद झाला. टेट्रा या डिजिटल रेडिओ संभाषण यंत्रणेत २५ किलोहर्ट्झच्या एका वाहकावर (रेडिओ चॅनेलवर) चार टाइमस्लॉट, म्हणजे आळीपाळीने वापरायचे वेळेचे भाग, मिळतात आणि प्रक्षेपण केंद्राच्या मुख्य वाहकावरचा एक स्लॉट नियंत्रणासाठी जातो. म्हणजे दोन वाहकांच्या केंद्रावर एका वेळी सात संभाषणे चालू शकतात. नेहमीच्या दिवशी ती पुरून उरतात. बोगद्यात गाडी बंद पडली की मात्र चालक, नियंत्रण कक्ष, दोन्ही बाजूंची स्थानके, विद्युत विभाग, बचाव पथक आणि पर्यायी बसगाड्या यांना एकदमच बोलायचे असते. आम्ही हिशेब त्या दिवसाचा केला. व्यवस्थापनाला डब्यांतील सर्व कॅमेऱ्यांचे थेट चित्रणही हवे होते. सार्वजनिक मोबाइल जाळ्यात जास्त भार ग्राहकाकडे येणाऱ्या दिशेला असतो, आमच्याकडे तो गाडीकडून बाहेर जाणाऱ्या दिशेला पडणार होता, आणि नेमकी तीच दिशा केंद्राच्या कक्षेच्या कडेला आधी कमजोर पडते. शेवटी चित्रण गाडीतच साठवायचे, डेपोत उतरवून घ्यायचे आणि धोक्याचे बटण दाबले गेले तरच त्या डब्याचा कॅमेरा थेट दाखवायचा, असे ठरले आणि मागणीचा आकडा आवाक्यात आला.

सर्वेक्षणाचा भाग मला सर्वांत बोलका वाटला. रुळांवर काम करायचे तर रात्रीचा ब्लॉक घ्यावा लागतो, त्यामुळे मोजमापेही रात्रीच घेण्याची प्रथा आहे. पण रात्री रिकाम्या बोगद्यात फोन नसतात, प्रवासी नसतात, आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरच्या (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावरची रेषा जवळजवळ सपाट दिसते. हाच अ‍ॅनालायझर आम्ही सकाळच्या गर्दीत चालकाच्या केबिनमध्ये ठेवला, त्याची अँटेना गाडीच्या टपावर नेली आणि संपूर्ण मार्ग मोजला. बोगद्यात, जिथे लीकी केबल (संपूर्ण लांबीभर अँटेनासारखी सिग्नल सोडणारी केबल) भिंतीला धरून जाते, तिथे परिस्थिती बरी होती. गाडी बोगद्यातून उन्नत मार्गावर आली, की आजूबाजूच्या इमारतींमधले शेकडो राउटर एकदम दिसू लागत आणि ती सपाट रेषा काटेरी होऊन जाई. दोन्ही वेळांचे आलेख एकाच पानावर छापले; बैठकीत त्या पानावर जितकी चर्चा झाली तितकी बाकीच्या सबंध अर्जावर झाली नाही.

त्यानंतरचे काम कागदपत्रांचे होते. प्रत्येक प्रक्षेपकाचे अक्षांश-रेखांश, अँटेनाची उंची आणि दिशा, शक्ती, मनोऱ्यासाठी विमान वाहतुकीची परवानगी. नमुन्यात प्रत्येक केंद्राचा ठावठिकाणा मागितला होता आणि गाडीला तर ठावठिकाणा नसतो. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर मार्गालगतचा पट्टा हेच गाड्यांचे कार्यक्षेत्र म्हणून मान्य झाले.

मागितले त्यापेक्षा कमी मिळाले, पण जे मिळाले ते आमच्यासाठी राखीव मिळाले आणि मला हा सौदा योग्य वाटतो. राखीव जागाही कायमची मानून चालत नाही. २०२० मध्ये युरोपने ५.९ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शहरी रेल्वेला स्थान दिले, आणि त्याच वर्षी अमेरिकेने रस्ते वाहतुकीसाठी राखलेल्या त्याच पट्ट्यातले ४५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापराला देण्याचा निर्णय घेतला. सिग्नल यंत्रणा एकदा बसवली की ती दोन-तीन दशके चालवायची असते. स्पेक्ट्रमचे धोरण तेवढे थांबत नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्नही राहतोच. युरोपात रेल्वेच्या जीएसएम-आर या स्वतंत्र मोबाइल जाळ्याला दोन्ही दिशांना प्रत्येकी ४ मेगाहर्ट्झ आहेत, तरी लगतच्या बँडमधील मोबाइल मनोरे रुळांजवळ उभे राहिल्यावर गाड्यांचे रिसीव्हर दबून जाऊ लागले आणि अधिक चांगल्या फिल्टरचे रिसीव्हर बसवावे लागले. आमच्या परवान्यात लगतच्या वापरकर्त्याबद्दल काहीच अट नव्हती. म्हणून नव्या रिसीव्हरच्या निविदेत शेजारच्या बँडचा जोरदार सिग्नल सहन करण्याची मर्यादा आम्ही स्वतंत्रपणे लिहिली, आणि शेजारचा बँड पुढे कोणालाही देण्यापूर्वी उन्नत मार्गालगतच्या मनोऱ्यांची शक्ती ठरवताना आम्हाला विचारले जावे, असे निवेदन नियामकाकडे दिले आहे. त्यावर सुनावणी व्हायची आहे.