व्हिडिओवालं पोरगं कुठल्याच पिक्चरमधी नाही

'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' बघितला तर माझी नजर स्टोरीपेक्षा त्यातल्या नासिरच्या व्हिडिओ पार्लरवरच जास्त. खरा नासिर शेख पण पार्लरच चालवायचा आणि तिथंच पिक्चर बघून बघून त्यानं 'मालेगाव के शोले' काढला, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. मग मला नादच लागला, व्हिडिओची दुकानं असलेले पिक्चर हुडकून बघायचा.

अमेरिकावाल्यांनी तर ह्या दुकानांचं सोनं केलंय. डायरेक्टर टॅरंटिनो स्वतः कॅलिफोर्नियात 'व्हिडिओ आर्काइव्ह्ज' नावाच्या दुकानात काउंटरवर होता. 'क्लर्क्स' (१९९४) मधला रँडल व्हिडिओच्या दुकानात कामाला, पण स्वतःला कॅसेट पाहिजे म्हणून दुकान बंद करून दुसऱ्या मोठ्या दुकानात जातो, हे लई भारी. आणि डायरेक्टर केव्हिन स्मिथ शेजारच्या किराणा दुकानात खरंच नोकरीला होता, दुकान बंद झाल्यावर रात्री शूटिंग करायचा, म्हणून स्टोरीत दिवसा पण शटर उघडत नाही, कुलपात कोणीतरी च्युइंगम घातलंय म्हणे! 'स्क्रीम'मधला रँडी व्हिडिओच्या दुकानातच उभा राहून हॉरर पिक्चरचा फॉर्म्युला झाडतो. 'कॅप्टन मार्व्हल' तर डायरेक्ट 'ब्लॉकबस्टर' नावाच्या व्हिडिओच्या दुकानाचं छप्पर फोडून खाली पडते.

पण ह्या सगळ्यात लोकं रॅकमधी फिरतात, कव्हर उलटून वाचतात, भांडतात. आमच्या परभणीकडं कुठलं आलंय रॅकमधी फिरणं. एक लाकडी काउंटर, मागं भिंतीला कॅसेटी, दुकानवाले भाई म्हणणार काय पाहिजे, आपण सांगायचं, ते म्हणणार गेली, हे घेऊन जा. बास. आमच्याकडं दुकान म्हणजे खरं तर रात्री घरी यायचं ते. व्हीसीपी म्हणजे कॅसेट लावायचं मशीन, कलर टीव्ही आणि तीन कॅसेटी, रात्रभराचं भाडं, गल्लीतली वर्गणी, आणि मशीनसोबत दुकानातलं एक पोरगं.

ते पोरगं म्हणजे खरा हिरो. हातगाड्यावर गोधडीत गुंडाळून टीव्ही आणायचं, वायरी जोडायचं, पडद्यावर मुंग्या आल्या की झाकण उघडून स्पिरिटनं हेड पुसायचं, स्पिरिट नसलं तर कोऱ्या नोटेनं. मग मशीनच्या शेजारीच आडवं व्हायचं. सगळी गल्ली पिक्चर बघूलाली आणि हे घोरूलालंय. पण कॅसेट संपून खट्ट झालं की पहिलं तेच उठणार! "मशीन तापलीय काकू, जरा दम खाऊ द्या." पहिला पिक्चर म्हाताऱ्यांसाठी देवाचा, दुसरा नवा, तिसरा मारधाडीचा, तोपर्यंत निम्मे आडवे. त्यात लाईट गेली की कॅसेट आतच अडकलेली आणि सगळे त्या पोरालाच बोलणार, जसं काय एमएसईबी त्याच्या बापाची. सकाळी काकू त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा देणार, आणि ते कोणाचा कोणता पिक्चर मधूनच कापलेला होता ते शांतपणे ऐकून घेणार.

कापलेला असायचाच हो. १८० मिनिटांच्या कॅसेटीत 'शोले' मावणार कसा? एकतर दोन कॅसेटी, नाहीतर एखादं गाणं गायब. शिवाय खालून जाहिरातीची पट्टी सरकत राहणार, नेमकी हिरोईनच्या पायावरून. आणि १९९४ ला राजश्रीवाल्यांनी 'हम आपके हैं कौन'ची कॅसेट लवकर काढलीच नाही, लोकं बायकापोरं घेऊन थेटरात. भाईंच्या काउंटरवर रोज तीच चौकशी आणि रोज तेच "नहीं आई".

मग केबल आली. बऱ्याच व्हिडिओवाल्यांनी स्वतःच गच्चीवर डिश बसवली आणि त्याच कॅसेटी वायरीतून घरोघर सोडल्या, म्हणून मला 'दृश्यम'मधला केबलवाला विजय साळगावकर ह्याच खानदानातला वाटतो. रात्रभर हापिसात बसून पिक्चर बघणारा माणूस, अजून काय. 'दम लगा के हईशा'त पण आयुष्मान खुरानाचं गाण्यांच्या कॅसेटचं दुकान आणि समोर सीडीवाला येऊन बसतो ते झकास दाखवलंय.

पण दोन्हीकडं मालकच हिरो. रात्रभर दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या सतरंजीवर, मालकाच्या मशीनची राखण करणारं पोरगं मला अजून एकाही पिक्चरमधी दिसलं नाही. तुम्हाला दिसलं असेल तर नाव टाका खाली, आज रात्रीच बघतो.