साठीनंतरची धाव

आज रंकाळ्यावर पहिल्यांदाच मधे न चालता धावले! बुटाची लेस बांधायला वाकले, तर बाकावरचे काका म्हणाले, "ताई, आज तुम्ही मधे चाललाच नाही की!" इतका आनंद झाला म्हणून सांगू.

निवृत्तीनंतर सुरुवात केली. आधी रक्तदाब, ईसीजी तपासून घेतला. आपल्या वयात ते करायलाच हवं. मग एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. वेग किती? सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच. दमसास लवकर वाढतो हो, पण टाचेमागचे, गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध यांना सवय व्हायला महिने लागतात. म्हणून मी एक दिवसाआडच धावते. पोटऱ्या ताणून, पाय मोकळे केल्याशिवाय घरी येत नाही.

फौजा सिंग 89व्या वर्षी लंडनमध्ये पहिली मॅरेथॉन धावले. आणि आपल्या बारामतीच्या लता करे! नवऱ्याच्या उपचारांसाठी साठी ओलांडलेली ही बाई नऊवारीत, अनवाणी धावली आणि जिंकली. त्यांची आठवण आली की आजही अंगावर काटा येतो.

उद्या विश्रांती. परवा धाकट्या जाऊबाईंना घेऊन जाणार आहे, त्याआधी त्यांना चांगले बूट घ्यायचेत.