बंगळुरू ते नाशिक : चौसष्ट नगांचा प्रवास

आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर तिच्याजवळ राहायचे म्हणून आम्ही बंगळुरूमधला अकरा वर्षांचा संसार आवरून नाशिकला परतायचे ठरवले. अंतर सुमारे हजार किलोमीटर, सामान दोन खोल्यांच्या घराचे आणि त्यात जिवापाड जपावी अशी वस्तू एकच, सासूबाईंकडून आलेले सागवानी देवघर. तीन कंपन्यांकडून लेखी कोटेशन मागवले. एकाने घर न पाहताच फोनवर चोवीस हजार सांगितले, तेव्हाच त्याचे नाव यादीतून गेले, कारण सामान न पाहता सांगितलेला भाव हा भाव नसतो, ते आमिष असते. दुसऱ्या कंपनीचा माणूस मात्र घरी आला, माळ्यावरही डोकावला आणि नाशिकचे घर कितव्या मजल्यावर आहे, तिथे लिफ्ट आहे का, हेही त्याने लिहून घेतले. त्याने ४६,००० रुपये सांगितले. तिसऱ्याने ६१,०००. आम्ही मधला निवडला.

कोटेशनच्या छापील अटी मी रात्री निवांत वाचल्या. त्यात ‘ऑक्ट्रॉय वेगळा’ असे एक वाक्य होते. जकात इतर ठिकाणी आधीच गेली होती आणि मुंबईतलीही १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर संपली, तरी छापील कागदावर ती अजून जिवंत होती. शिवाय ‘ई-वे बिल खर्च १,८००’ अशीही एक ओळ होती. ई-वे बिल म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद. वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही, तशी सूट नियमांतच दिलेली आहे. मी ही दोन्ही वाक्ये खोडून त्यावर त्यांच्या माणसाची सही मागितली. तो जराही खळखळ न करता सही करून मोकळा झाला, यावरून बहुतेक गिऱ्हाईक हे वाचतच नाहीत असे मी समजले. कोटेशनवर ‘आयबीए मान्यताप्राप्त’ असेही ठळक छापले होते. ही इंडियन बँक्स असोसिएशनची यादी मुळात वाहतूकदाराच्या बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीवर, बँकांनी व्यवहार करावेत यासाठी असते. हमाल आपली काचेची भांडी कशी उचलतील, याच्याशी तिचा काही संबंध नाही. साठ टक्के रक्कम सामान भरल्यावर आणि चाळीस टक्के, म्हणजे १८,४००, नाशिकला सामान उतरल्यावर द्यायची, हेही कोटेशनवर लिहून घेतले.

खरी चूक मी विम्याच्या बाबतीत केली. जाहीर किमतीच्या तीन टक्के भरा, सगळे सुरक्षित, असे त्या माणसाने सांगितले, आणि साडेतीन लाखांवर १०,५०० रुपये भरून मी पावती घेतली. विमा कंपनी कोणती, पॉलिसीचा क्रमांक काय, प्रमाणपत्र कोणाच्या नावावर निघणार, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. जकातीचे वाक्य खोडणाऱ्या बाईने हे विचारू नये, याचे मला अजून नवल वाटते.

सामान भरायला आलेले चार हमाल कामात इतके चोख होते की पुढे जे झाले त्यात त्यांना गोवणे अन्यायाचे होईल. काचसामान वर्तमानपत्रात आणि बबल रॅपमध्ये, लाकडी सामान घोंगड्या आणि पुठ्ठ्यात, प्रत्येक खोक्यावर मार्करने क्रमांक. मी यादी दोन प्रतींत केली. प्रत्येक नगापुढे आधीचा ओरखडा, पोचा किंवा ‘सुस्थितीत’ असा शेरा लिहिला, फोटो काढले आणि ६४ नगांच्या त्या यादीवर त्यांच्या मुकादमाची सही घेतली. एकच गोष्ट निसटली. समोरून कपडे घालायच्या वॉशिंग मशीनचे ड्रम प्रवासात हलू नये म्हणून मागून ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. माझ्याकडचे बोल्ट मी काढून दिले होते, पण ‘त्याची गरज नाही’ असे म्हणून ते माझ्याच हातात परत आले. गॅस सिलिंडर आम्ही आधीच एजन्सीकडे जमा केला होता, दागिने आणि कागदपत्रे सोबत ठेवली होती.

बिल्टी हातात आली तेव्हा त्यावर वाहतुकीचे भाडे फक्त २१,००० दिसले, कारण बाकीची रक्कम पॅकिंग आणि हमालीत दाखवली होती. तेव्हा मला ते बिनमहत्त्वाचे वाटले. नंतर मामेभावाने, जो वकील आहे, समजावून सांगितले की १८६५ चा जुना कायदा रद्द करून आलेल्या रस्ते मालवाहतूक अधिनियम, २००७ प्रमाणे आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांप्रमाणे, माल पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर (वाहतूकदाराने अधिक जबाबदारी घ्यावी म्हणून द्यायचे वाढीव शुल्क) मान्य केला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि तीही जाहीर किमतीच्या आतच असते. म्हणजे बिल्टीवरचे भाडे जितके कमी, तितकी ती मर्यादाही खाली येते.

चौथ्या दिवशी येणारा ट्रक सातव्या दिवशी आला, आणि तोही वेगळा. चाकणजवळच्या गोदामात सामान एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरले होते. आम्हाला मात्र त्याची साधी कल्पनाही दिली नव्हती. चालक निपाणीकडचा, बोलायला सरळ माणूस. तो खाली मान घालून म्हणाला, “ताई, ऑफिसातून सांगितलंय, जादा मालाचे आणि जिन्याचे चौदा हजार दिल्याशिवाय दार उघडायचं नाही.” मी त्याच्याशी वाद घातला नाही. ऑफिसला फोन करून सांगितले की मागणी लेखी पाठवा, कोणता नग जादा आहे ते सही केलेल्या यादीवर दाखवा, आणि ठरलेले १८,४०० मी या क्षणी देत आहे, तसा संदेशही पाठवत आहे. ताब्यात दिलेला माल वाहतूकदाराने अप्रामाणिकपणे अडवून ठेवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली तो विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो, हेही त्यात शांतपणे लिहिले. दोन तास गेले. चालकाला चहा दिला. मग ऑफिसचा फोन त्याला आला आणि दार उघडले.

उतरवणाऱ्यांनी ‘आधी सही करा, आम्हाला पुढे जायचंय’ असा धोशा लावला, पण मी जिन्याच्या पायथ्याशी यादी घेऊन उभी राहिले आणि नग येईल तसा खूण करत गेले. देवघराचा एक पाय मोडला होता आणि वरची जाळी तडकली होती. पुस्तकांची दोन खोकी आणि गादी ओली होती. हे सगळे पोचपावतीवर नगाच्या क्रमांकासह लिहूनच मी सही केली. वॉशिंग मशीनचे दुखणे दुसऱ्या दिवशी कळले, तेव्हा लगेच ई-मेल केला. मशीनचे ९,२००, सुताराचे १४,००० आणि पुस्तके-गादीचे ८,७००, असे ३१,९०० रुपयांचे नुकसान झाले होते.

कंपनीने प्रथम विम्याकडे बोट दाखवले, आणि पॉलिसीची प्रत मागितल्यावर कळले की ती नव्हतीच. १०,५०० रुपये कंपनीचे स्वतःचे ‘जोखीम शुल्क’ होते. मामेभाऊ मात्र हे ऐकून खूश झाला. विमा नसून जोखमीचे शुल्क घेतले असेल तर जादा दर त्यांनीच स्वीकारला, असे त्याचे म्हणणे होते, आणि नोटिशीत त्याने ते तसेच मांडले. नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, ती आम्ही अकराव्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर कंपनीने ‘सद्भावना म्हणून’ सहा हजार देऊ केले. ते आम्ही नाकारले.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मुळे तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, त्यामुळे बंगळुरूला खेटे घालावे लागले नाहीत. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती संकेतस्थळावर यादी, फोटो, बिल्टी, शेरे लिहिलेली पोचपावती आणि सुताराचे बिल जोडले. सेवेसाठी कंपनीला मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क काहीच नव्हते. मागणी नुकसान आणि जोखीम शुल्क मिळून ४२,४०० रुपयांची होती. आयोगाची नोटीस पोहोचल्यावर कंपनीच्या वकिलाचाच फोन आला आणि दोन महिन्यांच्या घासाघिशीनंतर ३४,००० वर तडजोड झाली. मामेभाऊ लढायला तयार होता. मला मात्र आईला फिजिओथेरपीला न्यायचे होते.

तडजोडीच्या कागदावर त्यांनी शेवटी एक ओळ घातली होती : ‘ग्राहक कंपनीच्या सेवेबद्दल पूर्ण समाधानी आहे.’ ती खोडून मी त्यावर त्यांच्या माणसाची सही घेतली, आणि मग खाली माझी केली.