तोंड वाकडं झालं तेव्हा: देजॉनमधल्या अडीच महिन्यांचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ची गोष्ट. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात, जिथे मी नोकरी करते, थंडी नुकती सुरू झाली होती. दोन दिवस डाव्या कानामागे ठणकत होतं. मान अवघडली असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सरळ अंगावर आलं. आरशात पाहिलं तर डावा डोळा मिटत नव्हता आणि तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं.

हात-पाय नीट चालत होते, शब्द आठवत होते. तरीही घाबरले. गल्लीच्या तोंडाशी 'इबिइनहूग्वा' आहे, म्हणजे कान-नाक-घशाचा दवाखाना. तो उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले. तिथूनच पुण्याला आईला फोन लावला. "मी बरी आहे" एवढंच सांगायचं होतं, पण ते जमेना. म आणि ब दोन्ही ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत, हे त्या दिवशी कळलं. आईने एकच विचारलं, "अगं, अंगावरून वारं तर नाही ना गेलं?"

डॉक्टरांनी आधी भुवया उचलायला सांगितल्या. डाव्या कपाळावर एकही आठी पडली नाही. ते म्हणाले, ही चांगली खूण आहे. मेंदूतल्या झटक्यात कपाळ सहसा वाचतं. कपाळासकट अर्धा चेहरा लुळा पडला, तर दोष बहुधा चेहऱ्याच्या नसेत, सातव्या क्रमांकाच्या मज्जातंतूत असतो. त्यांनी कानात आणि कानामागे पुरळ आहे का तेही पाहिलं, कारण नागिणीच्या विषाणूमुळेही असं होतं आणि तो प्रकार जास्त त्रास देतो. माझा होता बेल्स पाल्सी, म्हणजे ठोस कारण न सापडता याच नसेला होणारा लकवा. प्रेडनिसोलोन रोज ६० मिलिग्रॅम पाच दिवस, मग हळूहळू कमी. दिवसा डोळ्यात कृत्रिम अश्रू, रात्री मलम लावून पापणीवर चिकटपट्टी. ही स्टेरॉइडची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू होणं महत्त्वाचं असतं. कोणाच्या घरी असं झालं, तर बाकी सगळं नंतर, ही गोळी आधी, हे मी पुनःपुन्हा सांगेन. स्कॉटलंडमधल्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी पूर्ण बरे झालेले प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत ८३ टक्के होते, न घेणाऱ्यांत सुमारे ६४ टक्के.

संध्याकाळी घरमालकीण आजींनी मला जिन्यात पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. त्यांच्या मते कारण उघड होतं. गार जमिनीवर झोपलं की तोंड फिरतं, असं कोरियात लहान मुलांनाही सांगतात. पक्षाघाताला इथे 'जुंगफुंग' म्हणतात आणि त्यातला 'फुंग' म्हणजे वारा. आमच्याकडे अंगावरून वारं जातं, यांच्याकडेही वाराच. ते ऐकून मला परक्या देशात पहिल्यांदा थोडा धीर आला. आजींचं पुढचं वाक्य होतं, "हानुईवोनला कधी जाणार?"

हानुईवोन म्हणजे कोरियन पारंपरिक वैद्यकाचा दवाखाना. तिथले वैद्य, हानुइसा, सहा वर्षं शिकून सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतात. पण त्यांना स्टेरॉइड लिहून देता येत नाही. आणि गोळ्या देणारे डॉक्टर सुया टोचत नाहीत. दोन्ही शाखा वेगळ्या, दोन्ही सरकारी आरोग्य विम्यात. त्यामुळे तोंड वाकडं झालेला माणूस इथे सर्रास दोन्हीकडे जातो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

पहिला हानुईवोन मी ऑफिसजवळचा निवडला, आणि तो अनुभव चांगला नव्हता. वैद्यांनी नाडी पाहिली आणि पाच मिनिटांत समोर छापील कागद आला: तीन महिन्यांचा काढा, औषधी इंजेक्शनं, त्वचेखाली विरघळणारा दोरा घालण्याचे उपचार, सगळं मिळून सुमारे १८ लाख वॉन. तेव्हा साधारण १६ वॉनला एक रुपया पडत होता, म्हणजे लाखाच्या वर रुपये. "उशीर केलात तर चेहरा असाच राहील," असंही सांगितलं. ज्याने सकाळीच स्वतःचा चेहरा आरशात पाहिलाय, त्याला हे वाक्य सांगणं मला आजही क्रूर वाटतं. मी विचार करून सांगते म्हणाले आणि बाहेर पडले.

माझी कोरियन सहकारी दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, तू फक्त एक शब्द शिक: 'गुब्यो'. गुब्यो म्हणजे विम्यात बसणारं, 'बिगुब्यो' म्हणजे न बसणारं. प्रत्येक गोष्टीआधी विचार, हे गुब्यो आहे का? पुढच्या अडीच महिन्यांत मला याहून उपयोगी सल्ला मिळाला नाही.

सुया, विजेच्या हलक्या झटक्यांसह सुया, शेक, कपिंग हे विम्यात बसतं. हानुईवोनमध्ये आपल्याला ३० टक्के भरावे लागतात. औषधी इंजेक्शन, म्हणजे याकचिम, आणि तो दोरा, मेसन, हे बिगुब्यो. दर ज्याचा तो ठरवतो. काढा पूर्वी पूर्ण स्वखर्चाचा होता. नोव्हेंबर २०२०मध्ये सरकारने तीन तक्रारींसाठी प्रायोगिक तत्त्वावर काढा विम्यात घेतला, आणि त्या तिघांत चेहऱ्याचा लकवा होता. एप्रिल २०२४पासून यादी सहा आजारांची झाली आणि हानुईवोनमधला रुग्णाचा वाटा ५० वरून ३० टक्क्यांवर आला. मात्र सगळे दवाखाने या योजनेत नाहीत. पहिल्या ठिकाणी मला याबद्दल कोणी अक्षरही बोललं नव्हतं. दुसरीकडे जाण्याआधी मी फोन करून विचारलं.

दुसरे वैद्य साठीचे होते. पहिलाच प्रश्न, "स्टेरॉइड सुरू केलं ना?" मी औषधांची चिठ्ठी दाखवली. ती नीट वाचून ते म्हणाले, काढा गोळ्या संपल्यावर. त्याचं एक कारण होतं ज्येष्ठमध. कोरियन काढ्यात तो इतका असतो की सगळीकडे हजर असणाऱ्या माणसाला 'औषधाच्या दुकानातला ज्येष्ठमध' म्हणायची म्हण आहे. पण ज्येष्ठमध आणि स्टेरॉइड दोन्ही शरीरातलं पोटॅशियम कमी करतात. हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि तिथेच माझा विश्वास बसला. त्यांनी हेही सांगितलं की दहातले सातजण काहीही न करता पूर्ण बरे होतात, त्यामुळे श्रेय कोणाचं यावर वाद घालू नये.

सुयांची भीती दोन खेपांत गेली. उबदार पलंग, बाजूला पडदा, चेहऱ्यावर लाल दिवा. ओठाच्या कोपऱ्यात एक सुई, जबड्याच्या कोनाजवळ एक, भुवईवर, कानामागे, आणि अंगठा व तर्जनीच्या बेचक्यात एक. ही शेवटची 'हापगोक' सर्वांत जास्त दुखायची. खोल, जड कळ यायची. मग तारा जोडल्या की गाल टकटक उडायचा. वीस मिनिटं. पडद्यापलीकडे गुडघेदुखीच्या आज्या एकमेकींना किमचीचा यंदाचा बेत सांगत असायच्या. त्या दिवसांत लोक माझ्याशी बोलताना नजर चुकवायचे, मीही मान खाली घालायचे. तिथे मात्र कोणीतरी रोज माझा चेहरा नीट निरखून पाहायचं, हाताने चाचपायचं आणि कालच्यापेक्षा काय वेगळं आहे ते सांगायचं. सुयांनी नस किती लवकर सुधारते याचा पुरावा त्या गोळीइतका पक्का नाही, हे मला माहीत होतं. तरी मी त्या वीस मिनिटांसाठी जात राहिले.

तेविसाव्या दिवशी वैद्य म्हणाले, "गाल फुगवा." हवा सुटली, पण ओठाचा डावा कोपरा किंचित थरथरला. ते मला आधी दिसलं नाही, त्यांना दिसलं.

आता पैसे, कारण हे कोणी सांगत नाही. सुयांच्या २८ खेपा, दर वेळी साधारण ९ हजार वॉन: अडीच लाख. काढा दोनदा दहा-दहा दिवसांचा, पाकिटांतला, कडूजार, साधारण ६० हजार वॉनला एक खेप: १ लाख २० हजार. चार वेळा याकचिम घेतलं, दर वेळी २० हजार. फरक जाणवला नाही म्हणून थांबवलं. कान-नाक-घशाचे डॉक्टर, गोळ्या आणि डोळ्यांची औषधं मिळून ६० हजार. एकूण पाच लाख वॉनच्या थोडं वर, म्हणजे सुमारे ३२ हजार रुपये. पगारातून विम्याचा हप्ता दरमहा कापला जातो तो वेगळा: २०२४मध्ये पगाराच्या ७.०९ टक्के, त्यातला अर्धा कंपनी भरते. खासगी विमा असेल तर प्रत्येक खेपेला तपशीलवार पावती मागून घ्या. माझ्या विमा कंपनीने गुब्यो रकमेतला काही भाग परत दिला, बिगुब्योचा एक वॉनही नाही.

आई रोज विचारायची, पुण्याला येऊन नस्य, म्हणजे नाकात औषधी तेल सोडणं, आणि तेलाचं मालिश का करत नाहीस. अर्दित म्हणतात म्हणे आयुर्वेदात याला. गालाचं मालिश मी केलंच, बोटांनी, आरशासमोर, हळू. जोर लावून तोंड वेडंवाकडं करायचं नाही, अशी ताकीद होती, कारण नस चुकीच्या जागी जुळली तर हसताना डोळा मिटायला लागतो.

जानेवारीच्या शेवटी सुया थांबल्या. आता डोळा पूर्ण मिटतो, चूळ भरता येते. फार दमले की डावी भुवई अजून जराशी खाली येते. ते घरमालकीण आजींच्या लगेच लक्षात येतं, आणि त्या मला घरात बोलावून तापलेल्या जमिनीवर बसवतात.